कॅनवर ३० लिहिलंय, मग काळजी कशाला?

पत्र:
माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, वजन ५० किलो. परीक्षेचं वर्ष आहे. दोन-तीन महिन्यांपासून तो रात्री एक वाजेपर्यंत जागतो. सकाळी सातला हाका मारून मारून उठवावं लागतं. दुपारी शाळेतून आला की दोन तास झोपतो आणि उठल्यावरही मरगळलेलाच असतो. रविवारी अकरा-बारापर्यंत झोपतो आणि डोकं धरूनच उठतो. गेल्या आठवड्यात दप्तर धुवायला काढलं, तर तळाशी एनर्जी ड्रिंकचे दोन रिकामे कॅन निघाले, २५० मिलीचे. विचारलं तर म्हणाला, "क्लासच्या आधी पाच वाजता एक घेतो, सगळेच घेतात." कॅनवर कॅफीन ३० मिलिग्रॅम लिहिलंय, म्हणजे फार नसावं. घरी सकाळी आणि संध्याकाळी सातला आमच्याबरोबर चहा घेतो. तो तर दहा वर्षांचा असल्यापासून मीच देते. रात्री दहाला स्वतः कॉफी करून घेतो. किती घालतो ते मी पाहिलेलं नाही, पण ५० ग्रॅमची बरणी आम्हा दोघांना महिनाभर पुरायची, ती आता दहा दिवसांत संपते. त्याचे बाबा म्हणतात, "कॉफीच पितोय ना, पिऊ दे." मी उगीच घाबरतेय का? सगळं एकदम बंद करू का?
– एक आई

उत्तर:

ताई, तुम्ही उगीच घाबरत नाही आहात. पण तुमची सगळी भीती दप्तरातल्या कॅनवर खिळली आहे आणि या प्रकरणातला मोठा वाटेकरी तो नाही. मोठा वाटेकरी तुमच्या स्वयंपाकघरात आहे. त्याचा पुरावाही तुम्हीच पत्रात दिला आहे: दहा दिवसांत संपणारी बरणी.

आधी त्या बरणीचाच हिशेब करू. इन्स्टंट कॉफीच्या एका ग्रॅममध्ये साधारण ३० मिलिग्रॅम कॅफीन असतं. ५० ग्रॅम तुम्हा दोघांना महिनाभर पुरत होते, म्हणजे तुमचा दोघांचा मिळून रोजचा खर्च पावणेदोन ग्रॅमच्या आतबाहेर. दहा दिवसांत तुमच्याकडून १७ ग्रॅम गेले असं धरलं, तर उरलेले ३३ ग्रॅम मुलाचे. रोजचे ३.३ ग्रॅम. म्हणजे १०० मिलिग्रॅम कॅफीन, एकाच कपात, रात्री दहा वाजता.

चहाचा चमचा सपाट भरला तर त्यात जेमतेम एक ग्रॅम कॉफी बसते. शीग लावून भरला तर पावणेदोन ग्रॅमच्या वर जाते. तेव्हा तो शीग लावलेले दोन चमचे घालत असणार. तुम्ही विचारलंत तर तो "दोनच चमचे" म्हणेल आणि ते खोटं नसेल. शीग मोजायची असते हे त्याच्या डोक्यातच आलेलं नसतं. घरात ग्रॅम दाखवणारा छोटा काटा असेल तर त्याच्याच हाताने नेहमीसारखे दोन चमचे वाटीत काढून तोलून बघा. काट्यावरचा आकडा गुणिले ३०, झाला हिशेब. आपण समजावण्यापेक्षा तो काटा जास्त समजावतो.

आता कॅन. त्यावरचे ३० मिलिग्रॅम हे अख्ख्या कॅनचे नाहीत, १०० मिलीमागचे आहेत. ही चूक एकट्या तुमची नाही, बारीक अक्षरात "प्रति १०० मिली" कुठेतरी कोपऱ्यात असतं आणि मोठा आकडा नजरेत भरतो. २५० मिलीच्या कॅनमध्ये अडीच पट, म्हणजे ७५ मिलिग्रॅम. तीच जात ५०० मिलीच्या कॅनमध्ये घेतली तर १५०. काही लेबलांवर आकडा "एका सर्व्हिंगचा" असतो आणि एका बाटलीत दोन सर्व्हिंग असतात, तिथे दुप्पट धरायचं. म्हणून लेबल वाचताना तीन गोष्टी शोधायच्या: आकडा कशामागे आहे, बाटलीत एकूण मिली किती, आणि घटकांच्या यादीत ग्वाराना आहे का. ग्वाराना म्हणजे एका वेलीच्या बिया. त्यात मुळातच भरपूर कॅफीन असतं, आणि "नैसर्गिक अर्क" असं लिहिल्याने ते वेगळं होत नाही.

चहाचे दोन कप. १५० मिलीच्या कपात साधारण ३० मिलिग्रॅम. पत्ती जास्त घातली किंवा जास्त वेळ उकळली तर त्याहून जास्त. दोन कपांचे ६० धरू. कॅन ७५, कॉफी १००, चहा ६०, एकूण २३५ मिलिग्रॅम.

हे जास्त आहे का? युरोपियन अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली मुलांसाठी आणि किशोरवयीनांसाठी दिवसाला दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅमपर्यंत चिंतेचं कारण नाही असं मत दिलं. कॅनडाचं आरोग्य खातं २.५ मिलिग्रॅमवर थांबतं. तुमच्या ५० किलोच्या मुलाला ही मर्यादा १२५ ते १५० येते. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम चालतं असं सांगितलं जातं, आणि त्याच्या बाबांच्या मनात तोच आकडा असणार. मुलगा उंचीने बाबांएवढा झाला तरी त्याचं माप अजून वेगळं आहे. १५० ओलांडलं की लगेच विषबाधा होते असं मुळीच नाही. पण तो या रेषेच्या बराच पलीकडे आहे, रोज आहे, आणि त्यातला मोठा भाग नको त्या वेळी आहे.

आमच्या मते ही वेळच या पत्रातली खरी अडचण आहे. किती मिलिग्रॅम हे कळलं की पालकांना हायसं वाटतं, पण घड्याळ पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

कॅफीन पोटातून रक्तात लवकर जातं. पाऊण-एक तासात त्याचा जोर सर्वाधिक असतो. उतरायला मात्र त्याला खूप वेळ लागतो: शरीरातलं निम्मं कॅफीन जायला साधारण पाच तास, उरलेल्यातलं निम्मं जायला पुढचे पाच. माणसागणिक हा काळ बराच कमीजास्त असतो, पण हिशेबाला पाच तास धरू. मुलगा रात्री एकला पाठ टेकतो. दहाच्या कॉफीतले तेव्हा ६५ च्या आसपास शिल्लक, पाचच्या कॅनमधले २५, सातच्या चहातले १३. म्हणजे अंथरुणावर पडताना त्याच्या शरीरात १०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन आहे. निजताना उशाशी बसून कॉफीचा आख्खा कप रिकामा केल्यासारखंच हे झालं. युरोपच्या त्याच प्राधिकरणाने म्हटलं आहे की झोपायच्या सुमाराला घेतलेले १०० मिलिग्रॅम मोठ्या माणसांचीही झोप बिघडवू शकतात.

"पण त्याला झोप तर लागते," असं बाबा म्हणतील. लागते, दिवसभर दमल्यावर लागणारच. कॅफीन असताना लागलेली झोप उथळ असते, तिच्यातला गाढ भाग कमी होतो, आणि माणसाला स्वतःला ते कळत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोठ्या माणसांना झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तरी त्यांची झोप तासाभराहून जास्त कमी झाली. सहा तास आधी! त्यांचा डोस मोठा होता हे खरं, पण तुमचा मुलगा तीन तास आधी घेतो आणि पाठीमागे दोन डोस आधीचे उभे असतात.

कॅफीन नेमकं करतं काय, हे त्याला सांगता आलं तर बरं, कारण या वयातल्या मुलांना "वाईट असतं" हे पटत नाही, "असं चालतं" हे पटतं. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते ठरलेल्या जागी जाऊन बसलं की आपल्याला पेंग येते. कॅफीनचा रेणू त्या जागा अडवून बसतो. अ‍ॅडिनोसिन साठतच असतं, फक्त मेंदूला त्याची खबर लागत नाही. कॅफीन उतरलं की साठलेलं सगळं एकदम जागेवर जाऊन बसतं. शाळेतून आल्यावरची दोन तासांची गुंगी ती हीच, वर रात्रीच्या अपुऱ्या झोपेचा भार. त्या दोन तासांच्या झोपेने साठा थोडा कमी होतो, म्हणून रात्री दहाला झोप येत नाही, म्हणून कॉफी, म्हणून एक वाजतो, म्हणून सकाळी उठवत नाही. त्याला आळशी म्हणू नका. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते; त्याला सहा मिळतायत. शिवाय वयात येताना शरीराचं घड्याळच थोडं उशिरावर सरकतं, त्यामुळे रात्री लवकर झोप न येणं हे काही अंशी या वयाचंच आहे. कॅफीन त्या उशिरात आणखी भर घालतं.

आणि ज्या अभ्यासासाठी हे सगळं चाललं आहे, तो पक्का होतो झोपेत. दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेत लावून ठेवतो. दहा ते एक हे तीन तास कॉफीवर वाचून त्यासाठी झोपेचे दोन तास देणं हा तोट्याचा व्यवहार आहे. परीक्षेच्या वर्षात मुलाला हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा लवकर पटतो.

आता रविवारची डोकेदुखी. ती अभ्यासाच्या ताणाची असेल असं वाटू शकतं, पण तुम्ही दिलेल्या वेळा पाहा. शनिवारी रात्री दहाला कॉफी. शाळेच्या दिवशी सकाळी सातला चहा मिळतो, म्हणजे मधे नऊ तास. रविवारी तो बाराला उठतो, म्हणजे चौदा तास. रोज कॅफीन घेणाऱ्याला ते न मिळाल्याची डोकेदुखी सुरू होते ती १२ ते २४ तासांत. रविवारी ती बरोबर या खिडकीत येते. खात्री करायची असेल तर येत्या रविवारी एक नोंद करा: उठल्यावर चहा किती वाजता घेतला आणि डोकं कधी थांबलं. अर्ध्या-एक तासात थांबत असेल तर कारण बहुतेक हेच. तोवर डोकेदुखीच्या गोळीची पाकिटं मात्र तपासा. काही गोळ्यांत वेदनाशामकाबरोबर कॅफीनही घातलेलं असतं, एका गोळीत ६५ मिलिग्रॅमही असू शकतं. दोन गोळ्या म्हणजे १३०. ती डोकेदुखी थांबवते आणि पुढच्या रविवारची सोय करून ठेवते.

म्हणूनच "सगळं एकदम बंद करू का" याला उत्तर: नाही. २३५ वरून एका दिवसात शून्यावर आणलंत तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं ठणकेल, चिडचिड होईल, अभ्यासात लक्ष लागणार नाही, कदाचित मळमळेल. हा त्रास आठ-नऊ दिवसही टिकू शकतो. त्यातून मुलगा एकच निष्कर्ष काढेल, की कॉफीशिवाय आपल्याला जमत नाही. मग पुढचा कॅन दप्तरात सापडणार नाही, इतकंच.

पायरीपायरीने उतरवा. एका पायरीवर तीन-चार दिवस, आणि सुरुवात दिवसातल्या शेवटच्या डोसापासून. आधी रात्रीची कॉफी: चमचे दोनच, पण सपाट, आणि दहाऐवजी आठला. १०० चे ६० झाले आणि त्याला "बंद केलं" असं वाटलंही नाही. पुढचे तीन-चार दिवस एक सपाट चमचा, ३० मिलिग्रॅम. मग तीही नाही. कपात काहीतरी गरम हवंच असेल तर नुसतं दूध किंवा डिकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी. डिकॅफमध्येही थोडं कॅफीन असतं, कपाला २ ते १५ मिलिग्रॅम, पण या पायरीवर ते चालून जाईल. इथवर आलात की दिवसाचं माप १३५ वर आलं. त्यानंतर कॅनची पाळी. कॅनच्या जागी चहाचा एक कप, आणि पाचला नको, शाळेतून आल्या आल्या. ७५ चे ३० झाले, शिवाय वेळही दोन-अडीच तास अलीकडे आली. शेवटी संध्याकाळी सातचा चहा. तो सोडणं सगळ्यांत अवघड जाईल, कारण तो चहापेक्षा तुमच्या तिघांच्या बसण्याचा आहे. बसणं मोडू नका, कपात दुसरं काही द्या. तीन आठवड्यांत तो ६० मिलिग्रॅमवर येईल, दोन्ही कप दुपार सरायच्या आत. या वयाला आणि या वजनाला ते ठीक आहे. शून्याचा हट्ट धरायचं काही कारण आम्हाला दिसत नाही.

या उतरणीत हमखास फसतं ते "एक दिवसाआड" करताना. सोमवारी कॅन, मंगळवारी नाही, बुधवारी पुन्हा. ऐकायला समजूतदार तोडगा वाटतो, पण शरीराला रोज नवा धक्का बसतो आणि दर दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं. रोज थोडं कमी, पण रोज सारखं, हे बरं. दुसरी फसगत रविवारी होते: आठवडाभर शिस्त आणि सुट्टीला बारापर्यंत झोप. उठायची वेळ शाळेच्या दिवसापेक्षा तास-दीड तासाहून पुढे जाऊ देऊ नका. सकाळी उठल्यावर खिडकी उघडून उजेडात बसवा, शरीराचं घड्याळ अलीकडे आणायला त्याचा उपयोग होतो. दुपारची झोप बंद करू नका, पण गजर लावून वीस-पंचवीस मिनिटांत उठवा, आणि चारच्या आत. पहिला आठवडा त्यासाठी तुम्हाला जरा खपावं लागेल.

परीक्षा आठवड्यावर आली असेल तर मात्र यातलं काहीही आत्ता सुरू करू नका. तेव्हा फक्त वेळा अलीकडे घ्या आणि दिवसाचं माप वाढू देऊ नका. कमी करायचं काम परीक्षा संपल्यावर. परीक्षेच्या आदल्या रात्री पहिल्यांदाच मोठा कॅन प्यायचा प्रयोग पुष्कळ मुलं करतात. तेवढं मात्र आधीच बोलून ठेवा. सवय नसलेल्या शरीरात हात थरथरतात, पोट ढवळतं, छाती धडधडते, आणि नेमकं पेपर लिहिताना.

बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सगळं त्यावर अडतं. दप्तर पुन्हा तपासू नका. पहिल्या वेळी ते धुण्यापुरतं होतं, दुसऱ्या वेळी ती झडती ठरेल. रात्री दहाला, कॉफीचा कप हातात असताना तर विषयच काढू नका. दुपारी किंवा सुट्टीच्या दिवशी, शक्यतो बाबाही असताना, कागद-पेन घेऊन बसा. "किती पितोस?" असं विचारलं की उत्तर कमीच येतं. "काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय प्यालास ते वेळेसकट सांग, मी लिहिते," असं म्हटलं की खरं उत्तर येतं. मग बरणी आणि कॅन पुढ्यात ठेवून गुणाकार त्यालाच करू द्या. रात्री एकला शरीरात किती उरलं, हेही त्यालाच काढू द्या. निम्म्याचं निम्मं करायचं गणित आहे, त्याच्या अभ्यासाच्या मानाने काहीच नाही. आकडा त्याच्या हातून कागदावर उतरला की तो त्याचा होतो.

"तूही चहा पितेस ना," हे येईल. त्यावर चिडू नका, मुद्दा रास्त आहे. तुमचं माप वेगळं आहे हे सांगाच, पण या तीन आठवड्यांत संध्याकाळनंतर घरात कुणीच कॅफीन घ्यायचं नाही असं ठरवलंत तर त्याला एकटं पाडल्यासारखं वाटणार नाही. कॉफीची बरणी लपवू नका. ती लपली की कॅन वाढतात.

मित्रांबरोबरचं प्रमाण तुमच्या हिशेबात आलेलं नसेल, हेही ध्यानात ठेवा. बाहेर मिळणाऱ्या थंड कॉफीच्या मोठ्या पेल्यात १५० ते २०० मिलिग्रॅमही असू शकतं, आणि दूध-साखर-बर्फामुळे ती कॉफी वाटतच नाही. कोलाच्या ३५५ मिलीच्या कॅनमध्ये ३० ते ४५, साध्या चॉकलेटच्या लहान वडीत ५-६, काळ्या कडू चॉकलेटमध्ये त्याच्या दोन-तीन पट. कडू चव म्हणजे जास्त कॅफीन, असा हिशेब कॉफीला लावू नका. रोबस्टा जातीच्या बियांत अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असतं, दूध-साखर घातली की जिभेला ते कळत नाही. एनर्जी ड्रिंकचं आणखी एक असं की ते थंड आणि गोड असल्याने पाच मिनिटांत संपतं. गरम कॉफी माणूस घोटघोट पितो. डोस तोच असला तरी कॅनमधला झटक्यात पोटात जातो. साखर वेगळीच: २५० मिलीच्या गोड कॅनमध्ये २५ ग्रॅमच्या वर, म्हणजे पाच-सहा चमचे. मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या आहारात एनर्जी ड्रिंकला जागाच नाही, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०११ मध्येच स्पष्ट म्हटलं आहे, आणि ते आम्हाला पूर्ण पटतं. चहा-कॉफीशी वाटाघाट करता येते, कॅनशी करायची गरज नाही.

दोन गोष्टींवर मात्र कसलीच वाटाघाट नको. पहिली, कॅफीनची भुकटी आणि गोळ्या, आणि व्यायामाआधी घ्यायची पावडर. शुद्ध कॅफीनच्या एका चहाच्या चमच्यात ३,००० मिलिग्रॅमहून जास्त कॅफीन मावतं. सुमारे १,२०० मिलिग्रॅम थोड्या वेळात पोटात गेलं तरी फेफरं येऊ शकतं. चमच्याने ते मोजताच येत नाही, म्हणून ते घरात असूच नये. व्यायामाच्या पावडरींत एका मापात १५० ते ३०० मिलिग्रॅम असू शकतं. मुलगा जिमला जात असेल तर डबा मागून लेबल वाचा. दुसरी गोष्ट, कॅफीन आणि दारू एकत्र. कॅफीनमुळे नशा चढल्याचं जाणवत नाही, रक्तातली दारू तेवढीच असते, आणि मुलं आणखी पितात. तो पीत नसेल तरी हे त्याला एकदा सांगून ठेवा. मित्राच्या उपयोगी पडेल.

बसल्या जागी छाती जोरात किंवा अडखळत धडधडणं, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, सारख्या उलट्या, हातापायांचा न थांबणारा थरकाप, भ्रमिष्टासारखं बोलणं, फिट येणं: यातलं काहीही दिसलं तर घरी वाट पाहू नका. थेट इस्पितळात न्या, आणि काय, किती, कधी घेतलं ते सांगता यावं म्हणून कॅन किंवा डबा बरोबर घ्या. मुलाला हृदयाच्या ठोक्यांचा त्रास, फिट्स किंवा घबराटीचे झटके असतील, किंवा दम्याची थिओफिलिन, लक्ष एकाग्र होण्यासाठीची उत्तेजक औषधं, सिप्रोफ्लोक्सासिनसारखी अँटिबायोटिक चालू असतील, तर वरचं ६० चं मापसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. सिप्रोफ्लोक्सासिन कॅफीनचा निचरा मंद करतं, मग एक कप दोन कपांसारखा लागू पडतो. मुलींच्या आईवडिलांसाठी: गर्भनिरोधक गोळ्यांनीही निचऱ्याला जवळजवळ दुप्पट वेळ लागतो, त्या पाळीच्या तक्रारीवर दिलेल्या असल्या तरी.

चहा तुम्ही दहाव्या वर्षापासून देत आलात, त्याची टोचणी पत्रात दिसते. चहाने उंची खुंटते असं म्हणतात, त्याला आधार नाही, ते मनातून काढा. चहाची एक गोष्ट मात्र खरी आहे: जेवणाबरोबर घेतलेला चहा किंवा कॉफी धान्य-डाळी-भाज्यांतलं लोह शरीराला नीट घेऊ देत नाही. तो गुण कॅफीनचा नाही, त्यातल्या तुरट द्रव्यांचा आहे, म्हणून डिकॅफनेही सुटत नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा.

त्या कागदावरच्या नोंदी जपून ठेवा: काय, किती वाजता, झोप कधी लागली, किती वाजता उठला, डोकं दुखलं का. तीन आठवड्यांनी कॅफीन ६० वर आलं, झोप आठ तासांवर गेली, तरीही तो दिवसभर गळून जात असेल, झोपेत मोठ्याने घोरत असेल, किंवा आवडीच्या गोष्टींतूनही मन काढून घेत असेल, तर थकव्याचं कारण दुसरं असू शकतं: रक्तातलं लोह, थायरॉइड, झोपेत श्वास अडणं, उदासीनता. तेव्हा त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि तोच कागद त्यांच्या पुढ्यात ठेवा.